घंटेच्या टप्प्यातले जग
स्पॅनिश मिशनांमधील घंटानादाचा इतिहास

नाशिकला गोदाकाठी नारोशंकराच्या मंदिराच्या तटावर एक मोठी घंटा आहे. वसईच्या विजयाची आठवण म्हणून ती तिथे टांगली गेली. तिचा आकार आपल्या देवळातल्या घंटेचा नाही. चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकल्यानंतर पोर्तुगीज चर्चमधल्या ज्या घंटा मराठी मुलखात आल्या, त्यांपैकी ही एक. वाईजवळ मेणवलीच्या घाटावर अशीच दुसरी आहे. भीमाशंकरलाही आहे. विजयी फौजांनी तोफा, निशाणे, खजिना उचलून न्यावा हे समजते. पण घंटा? एवढे जड धूड बैलगाड्यांवर घालून, घाट चढवून का आणायचे?

धातूची किंमत हे एक उत्तर झाले. पण घंटा जिथे वाजते तिथे कोणाचा अंमल आहे, हे ती रोज, डोळे मिटले तरी ऐकू येईल अशा रीतीने सांगत असते. हे हरणाऱ्यालाही ठाऊक होते आणि जिंकणाऱ्यालाही. आयबेरियन साम्राज्यांनी घंटेचा हा उपयोग जगभर केला, आणि तो सर्वांत पद्धतशीरपणे केला स्पेनने. फिलिपाइन्सपासून पाराग्वेपर्यंत आणि न्यू मेक्सिकोपासून कॅलिफोर्नियापर्यंत पसरलेल्या मिशन वस्त्यांत घंटा ही केवळ प्रार्थनेची हाक नव्हती. ती घड्याळ होती, मुकादम होती, गावाची वेस होती आणि प्रसंगी बंडाचा इशाराही होती. त्या घंटांची, आणि त्या ऐकणाऱ्या माणसांची, ही हकिगत.

ओकच्या फांदीवर

१४ जुलै १७७१. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगत सांता लुसिया डोंगररांगेत ओक वृक्षांनी भरलेले एक खोरे. हुनिपेरो सेर्रा हा फ्रान्सिस्कन धर्मगुरू काही सैनिक, खेचरे आणि दोन सहकारी धर्मगुरूंसह तिथे पोचला. सेर्रा मूळचा मायोर्का बेटावरचा, तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक. मेक्सिकोत वीसेक वर्षे काढून वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी तो कॅलिफोर्नियात आला होता. खेचरांवरून सामान उतरताच त्याने घंटा काढली, ओकच्या एका फांदीला बांधली आणि दोरी धरून ती जोरजोराने वाजवू लागला. वाजवता वाजवता तो भोवतालच्या रानाला हाका मारत होता: या, चर्चकडे या.

त्याचा सहकारी मिगेल पियेरास गोंधळला. इथे ना चर्च आहे, ना आसपास एकही माणूस. उगाच का दमता, असे त्याने विचारले. सेर्राचे म्हणणे असे, की मनात दाटलेले बाहेर पडू द्या. ही घंटा साऱ्या जगाला ऐकू जावी, निदान या डोंगरात राहणाऱ्या प्रत्येकाला तरी जावी. हा प्रसंग आपल्याला कळतो तो त्याचा शिष्य आणि मित्र फ्रान्सिस्को पालू याने लिहिलेल्या चरित्रातून. ते १७८७ मध्ये मेक्सिको शहरात छापले गेले. पालूच्या सांगण्यानुसार त्या दिवशीच्या पूजेला एक स्थानिक माणूस कुतूहलाने येऊन उभा राहिला. मग त्याने आपल्या लोकांना बातमी दिली आणि ते रानमेवा, बिया घेऊन आले. सान अँटोनिओ दे पादुआ हे कॅलिफोर्नियातले तिसरे मिशन असे सुरू झाले.

चरित्रकाराने हा प्रसंग भक्तिभावाने रंगवला आहे. तरीही त्यातले दोन तपशील लक्षात ठेवण्याजोगे आहेत. भिंत उभी राहण्याआधी घंटा उभी राहिली. आणि जे रान सेर्राला रिकामे वाटले, ते रिकामे नव्हते. सालिनान लोकांची ती राहती भूमी होती. ओकची फळे वेचायचा हंगाम, बिया झोडायचा हंगाम, मासे वर येण्याचे दिवस, असे त्यांचे स्वतःचे कालमापन होते. कोणीतरी झाडाआडून हे सारे पाहत होते. घंटेचा तो पहिला ठोका त्यांना कसा वाटला, हे लिहून ठेवणारा मात्र त्यांच्यात कोणी नव्हता.

ती घंटाही काही नवी नव्हती. १७६७ मध्ये स्पेनच्या राजाने जेसुइटांना आपल्या साऱ्या साम्राज्यातून हाकलले. त्यांची बाहा कॅलिफोर्नियातली मिशने फ्रान्सिस्कनांकडे आली. उत्तरेच्या मोहिमेची आखणी करणारा राजप्रतिनिधी होसे दे गाल्वेस याने या जुन्या मिशनांतली वस्त्रे, पूजापात्रे आणि घंटा नव्या मिशनांसाठी उचलायला सांगितल्या. साम्राज्याच्या हिशेबात घंटा ही बियाणे, गुरे आणि नांगराच्या फाळांबरोबर मोजायची वस्तू होती.

बाखो काम्पाना

स्पॅनिश कागदपत्रांत एक शब्दप्रयोग वारंवार भेटतो: ‘बाखो काम्पाना’, म्हणजे घंटेखाली. फिलिपाइन्समध्ये तोच ‘बाखो दे लास काम्पानास’ असा येतो. एखाद्या माणसाने घंटेखाली राहणे म्हणजे धर्मगुरूच्या, आणि पर्यायाने राजाच्या, कक्षेत राहणे.

यामागे व्यवहार होता. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोक फिलिपाइन्समध्ये आले, तेव्हा तिथली वस्ती नद्यांच्या आणि किनाऱ्याच्या कडेने विखुरलेली होती. धर्मगुरू थोडे, माणसे लांब लांब. कर गोळा करायचा, नावे नोंदायची, मुलांना धर्मपाठ द्यायचा, तर माणसे एकत्र आणली पाहिजेत. या एकत्र आणण्याला ‘रेदुक्सिओन’ म्हणत. पेरू, मेक्सिको, पाराग्वे, सगळीकडे हेच धोरण राबवले गेले. मधोमध चौक, एका बाजूला चर्च, भोवती सरळ रेषेत घरे. गावाची हद्द कोठवर, याचे सोपे माप म्हणजे घंटेचा आवाज कोठवर पोचतो ते. जमीन मोजायला साखळी लागते, नकाशा लागतो. आवाज मोजायला फक्त कान लागतात.

जे या टप्प्याबाहेर पळून डोंगरात गेले, त्यांना फिलिपाइन्समध्ये ‘रेमोन्तादो’ म्हणत, म्हणजे पुन्हा डोंगरावर गेलेले. या एका शब्दावरून साम्राज्याची दृष्टी कळते. माणूस मुळात डोंगरातलाच असला, तरी एकदा घंटेखाली आला की डोंगरात जाणे हा गुन्हा ठरत असे.

अर्थात घंटेखाली राहण्याचे काही फायदेही होते, आणि लोक ते ओळखून होते. फिलिपाइन्सच्या किनाऱ्यावर दक्षिणेकडून येणाऱ्या गुलाम पकडणाऱ्या टोळ्यांचे छापे नेहमीचे होते. तिथल्या दगडी चर्चचे मनोरे टेहळणीचेही होते. समुद्रावर अनोळखी शिडे दिसली की घंटा बडवली जाई आणि शेतातली माणसे भिंतीआड धावत. पाराग्वेतल्या ग्वारानी लोकांना पोर्तुगीज वसाहतींतल्या गुलाम-शिकाऱ्यांपासून संरक्षण हवे होते. जेसुइट मिशनांत येण्याचे ते एक मोठे कारण होते. १७३२ मध्ये त्या ३० मिशनांत सुमारे १ लाख ४१ हजार लोक राहत होते. एवढी माणसे केवळ बळजबरीने एकत्र राहिली नसती. तिथे घंटा झाली की लोक वाद्ये वाजवत, संताची मूर्ती पुढे घेऊन शेताकडे निघत. घंटा ऐकणाऱ्याच्या मनात भीती, सवय, आसरा आणि उत्सव हे सारे एकत्र असू शकत होते, हे विसरून चालणार नाही.

दिवसाचे तुकडे

घंटेने दिवसाचे काय केले, याचे सर्वांत जवळून केलेले वर्णन एका परक्या पाहुण्याचे आहे. फ्रेंच दर्यावर्दी ला पेरूझ सप्टेंबर १७८६ मध्ये माँटेरेच्या उपसागरात थांबला आणि जवळच्या कार्मेल मिशनला भेट द्यायला गेला. सेर्राला जाऊन तेव्हा दोन वर्षे झाली होती. त्याच्या जागी आलेला फेर्मिन दे लासुएन ला पेरूझला सज्जन, आदरणीय माणूस वाटला. तरीही समोर जे दिसले त्याने पाहुणा अस्वस्थ झाला.

त्याच्या वृत्तांतावरून कार्मेलचा दिवस असा उभा राहतो. सूर्योदयाबरोबर घंटा, सगळ्यांनी चर्चमध्ये जायचे, प्रार्थना आणि पूजा तासभर चालायची. तोवर चौकात तीन मोठ्या कढयांत भाजलेल्या जवाच्या पिठाची पेज शिजत असे. तिला ‘आतोले’ म्हणत. प्रत्येक झोपडीने झाडाच्या सालीच्या भांड्यात आपला वाटा न्यायचा. मग काम: पुरुष शेतात, बायका घरकाम, मुले आणि दळण यांत. दुपारी पुन्हा घंटा; यावेळी गहू, मका, वाटाणे, घेवडा घातलेले दाट ‘पोसोले’. दोन वाजता पुन्हा काम, चार-पाच वाजेपर्यंत. मग सायंप्रार्थना तासभर. मग पुन्हा पेज. सात तास काम, दोन तास प्रार्थना. रविवारी आणि सणावारी प्रार्थनेचे चार-पाच तास.

नुसत्या तासांचा हिशेब पाहिला तर हे वेळापत्रक त्या काळच्या युरोपातल्या शेतमजुराच्या दिवसापेक्षा कठोर वाटत नाही. मिशनांचे समर्थक हाच मुद्दा आजही मांडतात. पण ला पेरूझला खटकले ते वेगळे. स्त्री-पुरुषांना घंटेने गोळा केले जाते, एक धर्मगुरू त्यांना कामाला, चर्चला, प्रत्येक गोष्टीला नेतो, हे पाहून त्याला कॅरिबियनमधल्या फ्रेंच वसाहतीचे, सेंट-डोमिंगोचे, गुलामांचे मळे आठवले. साखळदंड आणि खोडे त्याने पाहिले, चाबकाचे आवाज ऐकले. बाप्तिस्मा घेतलेल्या माणसाला पुन्हा आपल्या रानात राहायला जाण्याची मुभा नव्हती. गेलाच तर सैनिक त्याला धरून आणत आणि फटके देत.

चाळीस वर्षांनी, १८२६ मध्ये, इंग्रज कप्तान बीची सान होसे मिशनमध्ये गेला. तोवर व्यवस्था मुरली होती. त्याने लिहिले आहे, की घंटेचे टोल थांबले की मिशनमधले शिपाई झोपड्या धुंडाळत, आणि कोणी रेंगाळताना सापडला तर रुंद पट्टीचा चाबूक चालत असे. चर्चच्या आत मधल्या वाटेवरही काठ्या आणि चाबूक घेतलेली माणसे उभी असत. हे शिपाईही मिशनमधलेच, बाप्तिस्मा घेतलेले स्थानिक लोक होते. घंटेने बोलवायचे आणि आपल्याच माणसाने हाकायचे, अशी ती रचना होती.

संध्याकाळच्या घंटेला आणखी एक अर्थ होता. अविवाहित मुली आणि विधवा यांच्यासाठी मिशनमध्ये ‘मोन्खेरिओ’ नावाची वेगळी खोली असे. रात्री त्यांना तिथे कुलुपात ठेवले जाई आणि किल्ली धर्मगुरूकडे जाई. धर्मगुरूंच्या दृष्टीने हे मुलींचे रक्षण होते. सैनिकांकडून होणाऱ्या अत्याचारांच्या तक्रारी खुद्द सेर्रानेच वरपर्यंत नेल्या होत्या, तेव्हा ती भीती खोटी नव्हती. पण दाटीच्या, कोंदट खोलीत रोग झपाट्याने पसरत. देवी, गोवर, आतशक, क्षय यांनी मिशनांतली लोकसंख्या पोखरली. जन्मांपेक्षा मृत्यू सतत जास्त राहिले, आणि गावे भरलेली ठेवण्यासाठी दूरदूरच्या टेकड्यांतून नवी माणसे आणावी लागली. मृत्यूची घंटा वेगळी वाजते, संथ आणि सुटी. मिशनमध्ये वाढलेल्या पोरांना तो आवाज फार लवकर ओळखू येत असला पाहिजे.

ओतीव धातू, ठेवलेले नाव

घंटेचा धातू आपल्याला परका नाही. चार भाग तांबे आणि साधारण एक भाग कथील: म्हणजे आपले कासेच. आपल्याकडचे ओतारी ज्या मिश्रणातून घंटा आणि झांजा ओततात, तेच हे. कथील वाढले तर नाद खणखणीत होतो, पण घंटा ठिसूळ बनते. कमी झाले तर नाद बसका होतो. चिकणमातीचा गाभा, त्यावर दुसरा साचा, मधल्या पोकळीत वितळलेला रस, आणि खड्ड्यात सावकाश निववणे. एकदा तडा गेला की घंटा दुरुस्त होत नाही. वितळवून पुन्हा ओतावी लागते.

कॅलिफोर्नियाच्या मिशनांत हे काम होत नसे, म्हणून घंटा समुद्रमार्गे येत. बहुतेक मेक्सिकोतून, सान ब्लास बंदरातून. सांता बार्बराच्या काही घंटा पेरूतल्या लिमा शहरात, मान्वेल वार्गास या ओताऱ्याकडे १८१८ मध्ये ओतलेल्या आहेत. सान फेर्नांदो मिशनशी जोडलेली एक घंटा तर अलास्काजवळच्या कोडियाक बेटावर १७९६ मध्ये ओतलेली आहे, आणि तिच्यावरची अक्षरे रशियन आहेत! कोडियाकला तेव्हा रशियन व्यापाऱ्यांचे ठाणे होते. उत्तरेकडून रशियन सरकतील ही भीती हे स्पेनने कॅलिफोर्निया घाईने ताब्यात घेण्याचे एक कारण. आणि शेवटी रशियन घंटाच स्पॅनिश मिशनच्या मुलखात येऊन पोचली.

नव्या घंटेवर संस्कार होत. पवित्र पाण्याने धुणे, तेल लावणे, धूप देणे आणि नाव ठेवणे. लोक त्याला घंटेचा बाप्तिस्माच म्हणत. सान हुआन कापिस्त्रानो मिशनच्या चार घंटांपैकी दोन मोठ्या १७९६ च्या, दोन लहान १८०४ च्या. मोठ्या घंटांपैकी एकीवर संताच्या नावाबरोबर तेव्हाच्या दोन धर्मगुरूंची, विसेन्ते फुस्तेर आणि हुआन सांतियागो यांची, नावे आहेत. दुसरीवर ओताऱ्याचे, रुएलासचे नाव आहे, आणि घंटा स्वतःच बोलते आहे असे वाक्य आहे: याने मला घडवले, माझे नाव हे. संत, धर्मगुरू, ओतारी, सगळ्यांची नावे धातूत आली. दोरी ओढणाऱ्यांची मात्र तिथे नाहीत, आणि ते जवळजवळ सगळे स्थानिक लोक होते.

घंटा वाजवणे हे कसबाचे काम होते. युरोपातल्या काही देशांत अख्खी घंटा झुलवतात. इथे ती कच्च्या चामड्याच्या वाद्यांनी तुळईला बांधलेली असे आणि लोलकाची दोरी खेचून वाजवली जाई. कामाचा ठोका वेगळा, सणाचा वेगळा, मृत्यूचा वेगळा. दोन-तीन घंटांचा मेळ जमवायला कान तयार लागतो. मिशनांतल्या स्थानिक मुलांनी हे कसब आत्मसात केले. साऱ्या गावाचा दिवस त्यांच्या हातातल्या दोरीवर चाले. दिवस कसा असावा हे ठरवण्याचा अधिकार मात्र त्यांच्याकडे नव्हता.

फोडलेल्या आणि पुरलेल्या

घंटेचा अर्थ ऐकणाऱ्यांना किती नीट कळला होता, हे त्यांनी बंडात काय केले यावरून दिसते.

१० ऑगस्ट १६८०. आजच्या न्यू मेक्सिकोतल्या प्वेब्लो लोकांनी एकाच वेळी उठाव केला. पोपे नावाच्या नेत्याने गाठी मारलेल्या दोऱ्या गावोगाव पाठवल्या होत्या. रोज एक गाठ सोडायची, शेवटची सुटेल त्या दिवशी उठायचे. घंटेचा वेळ नाकारायला निघालेल्या लोकांनी आपला वेळ स्वतः मोजला. त्या उठावात सुमारे ४०० स्पॅनिश मारले गेले, त्यांत २१ फ्रान्सिस्कन धर्मगुरू होते, आणि उरलेल्यांना सांता फे सोडून दक्षिणेला जावे लागले. पुढच्या वर्षी स्पॅनिशांनी पकडलेल्या पेद्रो नारान्खो या प्वेब्लो माणसाच्या जबानीत बंडानंतरच्या आज्ञा नोंदल्या आहेत: मूर्ती आणि क्रूस जाळा, चर्च पाडा, घंटा फोडा, नदीत अंघोळ करून बाप्तिस्मा धुऊन टाका. न्यू मेक्सिकोतल्या जुन्या वस्त्यांच्या उत्खननांत अशा फोडलेल्या घंटांचे तुकडे सापडले आहेत. कासे फोडणे सोपे नसते. ते फोडायला वेळ, जोर आणि जिद्द लागते. १६९२ मध्ये स्पॅनिश परत आले आणि घंटाही परत टांगल्या गेल्या.

शंभरएक वर्षांनी कॅलिफोर्नियात घंटांनी दुसरे एक रूप पाहिले. ३० ऑक्टोबर १७७५ रोजी लासुएनने सान हुआन कापिस्त्रानोच्या जागी क्रूस रोवला, घंटा टांगली, कामाला सुरुवात केली. आठवडाभरातच बातमी आली, की दक्षिणेला सान दिएगोच्या मिशनवर कुमेयाय लोकांनी रात्री हल्ला करून ते जाळले आणि लुइस हायमे या धर्मगुरूला ठार केले. कापिस्त्रानोच्या मंडळींनी घंटा जमिनीत पुरल्या आणि ते सान दिएगोच्या ठाण्याकडे निघून गेले. वर्षभराने सेर्रा आला, त्याने घंटा उकरून काढल्या, आणि १ नोव्हेंबर १७७६ रोजी मिशन पुन्हा सुरू झाले. माणसे हलली, पण घंटा जागीच राहिल्या. परत येण्याचा हक्क जणू त्या मातीत पुरून ठेवला होता.

८ डिसेंबर १८१२

त्याच कापिस्त्रानोत १७९७ मध्ये दगडी चर्च बांधायला घेतले. मेक्सिकोतल्या कुलिआकानहून इसिद्रो आगिलार हा पाथरवट मुद्दाम आणला गेला. काम पुरे होण्याआधीच, १८०३ मध्ये, तो वारला. दगड वाहिले ते मिशनमधल्या अहाशेमेन लोकांनी, बायका-मुलांसह. १८०६ मध्ये चर्च पुरे झाले. घुमटांचे छत आणि दूरवरून दिसणारा घंटेचा मनोरा: कॅलिफोर्नियातल्या मिशनांत असे दुसरे नव्हते.

सहा वर्षांनी, ८ डिसेंबर १८१२ रोजी, मेरीच्या सणाच्या सकाळी पूजा चालू असताना भूकंप झाला. मनोरा कलला आणि चर्चवर कोसळला. आतले ४० लोक मेले, जवळजवळ सगळे मिशनमधले स्थानिक. वर घंटा वाजवत असलेली दोन मुलेही गेली. ज्या इमारतीचे दगड त्यांच्या आईबापांनी वाहून आणले होते, तिच्याखालीच ती सापडली.

चर्च पुन्हा बांधले गेले नाही; भग्नावशेष आजही तसेच उभे आहेत. ढिगाऱ्यातून चारही घंटा काढल्या गेल्या आणि १८१३ मध्ये शेजारच्या भिंतीत कमानी करून त्यांत टांगल्या. मोठ्या दोन घंटांचा मूळचा सूर गेला होता. २००० साली त्यांच्यावरून साचे घेऊन नव्या ओतल्या आणि कमानीत बसवल्या. कापिस्त्रानोला जाणारे पर्यटक वसंतात परतणाऱ्या पाकोळ्यांची गोष्ट ऐकून येतात. घंटेची भिंत पाहून पुढे जाताना त्या दोन मुलांची आठवण प्रत्येकाला होतेच असे नाही.

दोरी दुसऱ्या हाती

घंटेत एक दोष आहे, राज्यकर्त्यांच्या दृष्टीने. दोरी ज्याच्या हाती येईल त्याच्यासाठी ती वाजते.

१६ सप्टेंबर १८१० च्या पहाटे मेक्सिकोतल्या दोलोरेस गावात मिगेल इदाल्गो या धर्मगुरूने चर्चची घंटा वाजवायला लावली. रविवार होता, लोक पूजेसाठी जमले, आणि त्याने त्यांना स्पॅनिश अंमलाविरुद्ध उठायला सांगितले. तीनशे वर्षे लोकांना घंटेला ओ देण्याची जी सवय लावली होती, तीच साम्राज्यावर उलटली. ती घंटा १८९६ मध्ये मेक्सिको शहरातल्या राष्ट्रीय प्रासादावर आणून बसवली, आणि आजही दर १५ सप्टेंबरच्या रात्री राष्ट्राध्यक्ष ती वाजवतात.

फिलिपाइन्सची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. १८९८ मध्ये स्पेनने तो देश २ कोटी डॉलरला अमेरिकेला दिला. २८ सप्टेंबर १९०१ च्या सकाळी सामार बेटावरच्या बालांगिगा गावात अमेरिकन सैनिक न्याहारीला बसले असताना गावकऱ्यांनी त्यांच्यावर हल्ला केला. त्या धामधुमीत चर्चची घंटा वाजली. ४८ अमेरिकन सैनिक मेले. सूड म्हणून सामार बेट उजाड करण्याचा हुकूम निघाला, आणि किती निरपराध मेले याचा वाद अजून चालू आहे. सैनिकांनी गावाच्या तीन घंटा उचलून नेल्या. दोन वायोमिंगमधल्या लष्करी तळावर आणि एक शेवटी दक्षिण कोरियातल्या तळावर राहिली. फिलिपाइन्सने त्या परत मागितल्या. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या काही संघटनांचा विरोध होता, कारण त्यांच्या लेखी त्या मेलेल्या साथीदारांचे स्मारक होत्या. अखेर ११ डिसेंबर २०१८ रोजी, ११७ वर्षांनी, त्या मनिलाला उतरल्या आणि तिथून आपल्या गावी गेल्या. स्पॅनिश धर्मगुरूंनी ज्या लोकांना ‘घंटेखाली’ आणले, त्यांच्याच पणतवंडांनी त्या घंटांना आपले मानून रडत स्वागत केले. चारशे वर्षांत घंटा कोणाची, या प्रश्नाचे उत्तर पुरते बदलले होते.

रस्त्याकडेच्या घंटा

कॅलिफोर्नियात मात्र तो प्रश्न सुटलेला नाही. १८३० च्या दशकात मेक्सिकन सरकारने मिशने धर्मगुरूंकडून काढून घेतली. जमिनी मुख्यतः बड्या रांचवाल्यांकडे गेल्या, मूळ रहिवाशांकडे फार थोड्या. इमारती मोडकळीस आल्या. मग विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकन कॅलिफोर्नियाला आपल्याला एक रम्य भूतकाळ हवा असे वाटू लागले, आणि तो मिशनांत सापडला. मिशनांना जोडणारा जुना ‘राजमार्ग’ पुन्हा आखावा आणि त्यावर खुणेसाठी घंटा लावाव्यात, अशी मोहीम निघाली. श्रीमती फोर्ब्स यांनी रचलेली, मेंढपाळाच्या वाकड्या काठीसारख्या खांबावर टांगलेली पहिली घंटा १५ ऑगस्ट १९०६ रोजी लॉस एंजेलिसमध्ये बसवली गेली. मोटारी नुकत्याच येत होत्या; घंटा हा पर्यटनाचा मैलाचा दगड झाला. पुढे अशा शेकडो घंटा हमरस्त्यांवर उभ्या राहिल्या.

२०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी सेर्राला संतपद दिले. अनेकांना आनंद झाला. मिशनांत ज्यांचे पूर्वज राहिले आणि तिथेच पुरले गेले त्या जमातींतल्या अनेकांनी निषेध केला. २०१९ च्या जूनमध्ये सांता क्रूझच्या विद्यापीठाने अमाह मुत्सुन जमातीच्या मागणीवरून आपल्या आवारातली अशी एक घंटा उतरवली. सांता क्रूझ आणि सान हुआन बाउतिस्ता या मिशनांत नेलेल्या लोकांचे हे वंशज. रस्त्याने जाणाऱ्याला ती शोभेची वस्तू वाटते; आम्हाला मात्र ती पूर्वजांना हाकण्यासाठी वाजलेली घंटा वाटते, असे त्यांचे म्हणणे. विरोधकांचे म्हणणे असे, की घंटा काढल्याने इतिहास बदलत नाही. ते खरेच आहे. पण घंटा लावल्यानेही इतिहास सांगितला जात नाही. १९०६ मध्ये ज्यांनी ती लावली, त्यांनी निवड केलीच होती: काय आठवायचे आणि कोणाला विचारायचे नाही, याची.

या साऱ्यातून आपल्यासाठी काय? नाशिकची, मेणवलीची घंटा पाहताना आपल्याला विजय आठवतो, आणि त्यात गैर काही नाही. पण ती घंटा इथे येण्याआधी कोठल्यातरी गावात, कोठल्यातरी चर्चमध्ये रोज वाजत होती. तिच्या आवाजाने उठणारी, कामाला जाणारी, कोणी गेल्याचे कळून थबकणारी माणसे होती. त्यांतली काही तिला घाबरत असतील, काहींना ती आपली वाटत असेल, आणि पुष्कळांना दोन्ही. त्यांच्यातले कितीतरी जण आपलीच भाषा बोलणारे असणार.

सेर्राने ओकच्या फांदीला घंटा बांधली तेव्हा ती साऱ्या जगाने ऐकावी असे त्याला वाटले. झाडाआडून पाहणाऱ्या सालिनान माणसाने काय ऐकले, हे विचारायला इतिहासाला दोनशे वर्षे लागली. पुढच्या खेपेला गोदाकाठी नारोशंकराच्या तटाकडे मान वर करून पाहाल, तेव्हा ती घंटा जिंकणाऱ्यांची एवढे आठवून थांबू नका. तिच्या टप्प्यात राहिलेल्या माणसांविषयीही विचारा.